राष्ट्राध्यक्ष पडणार की राहणार

ड्रायव्हरच्या मते राष्ट्राध्यक्ष पडणार होता. नुसता पडणार नव्हता, सपशेल आपटणार होता. हे मत तो आठवड्यातून तीनदा, डायलिसिसच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत आडवा होऊन, डाव्या हातात दोन जाडजूड सुया टोचलेल्या असताना मांडायचा. शेजारच्या खुर्चीतल्या पोस्टातल्या बाई, हातात तशाच दोन सुया घेऊन, ते आठवड्यातून तीनदा खोडून काढायच्या. दोघांचं रक्त आपापल्या मशीनमधून फिरून, धुऊन परत येईपर्यंत अर्धा दिवस सरायचा. तेवढ्या वेळात देशाचा निकाल निदान दोनदा लागायचा, एकदा त्याच्या बाजूने आणि एकदा बाईंच्या.

ड्रायव्हर म्हणजे शहर बसचा ड्रायव्हर. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई पोस्टात काउंटरवर होत्या. त्याही निवृत्त, बिनलग्नाच्या, भाचीकडे राहणाऱ्या. मूत्रपिंडांनी दगा दिला नसता तर या दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. फार तर त्याने कधी त्यांच्याकडून पाकिटं घेतली असती, त्या कधी त्याच्या बसमध्ये चढल्या असत्या, आणि दोन्ही वेळा सुट्ट्यांवरून कुरबुर झाली असती.

खरं सांगायचं तर दोघांनाही राष्ट्राध्यक्षाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. मागच्या वेळी ड्रायव्हरने त्यालाच मत दिलं होतं. बाईंना मात्र तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा. भिंतीवरच्या टीव्हीत दिसला की त्या चष्मा काढून मांडीवर ठेवत. तरीही तोच परत येणार असं ठासून सांगत. अशा माणसांशीच वाद घालण्यात मजा असते. आपल्याला हवं तेच होणार असं म्हणणारा माणूस वाद घालत नाही, स्वतःची समजूत घालत बसतो, आणि त्याच्यापुढे बोलून आपलंच तोंड दुखतं.

ड्रायव्हरला तोंड दुखण्याची भीती नव्हती. त्याला भीती होती ती घरातल्या शांततेची. आजार निघाला त्या दिवसापासून त्याच्या घरातून भांडण हद्दपार झालं होतं. आधी मुलगा त्याच्याशी कडाकडा भांडायचा, टीव्हीच्या आवाजावरून, पंख्यावरून, बस डावीकडून वळवायची की उजवीकडून यावरूनसुद्धा. आता मुलगा म्हणायचा, "हो बाबा." सूनही म्हणायची, "हो बाबा." एकदा भर उन्हाळ्यात तो मुद्दाम म्हणाला की आज गारठा फार आहे, तर सुनेने कपाळावरचा घाम पुसत खिडकी लावून घेतली. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण आजारी नाही, जवळजवळ गेल्यातच जमा आहोत.

आणि मग त्या खोलीत, बाई नव्यानेच यायला लागल्या होत्या तेव्हा, तो आपला हवेत बोलल्यासारखा बोलला होता की हा राष्ट्राध्यक्ष काही परत येत नाही. ब्लँकेट गळ्याशी ओढून पडलेल्या बाईंनी डोळेही न उघडता विचारलं होतं, "कशावरून?"

कशावरून. कित्येक महिन्यांत त्याला हा शब्द कोणी विचारला नव्हता. तो इतका हरखला की त्याला कारणच सुचेना. तो दिवस बाईंनी जिंकला. ड्रायव्हर घरी जाताना गाडीत स्वतःशीच हसत होता, आणि मुलाने विचारलं तेव्हा त्याला धड सांगताही आलं नाही.

पुढच्या खेपेला तो तयारीनिशी आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: रस्ता कितीही खराब असो, शिव्या ड्रायव्हरलाच बसतात. पाव महागला, औषधं महागली, कोणी महाग केली हे कोणी विचारत नाही, पुढच्या सीटवर जो बसलाय त्याची कॉलर धरतात. बाईंचं म्हणणं उलट होतं. पोस्टात काउंटरपलीकडे उभी राहून जन्मभर माणसं त्यांच्यावर खेकसली होती, आणि त्यांनी पाहिलं होतं की खेकसणारा माणूस हमखास परत येतो. ज्याचं मन उडालं तो तक्रारही करत नाही, गुपचूप दुसरीकडे जातो. राष्ट्राध्यक्षाला लोक अजून दणकून शिव्या देतायत, त्या अर्थी तो त्यांना अजून आपला वाटतो. ड्रायव्हरने यावर नाक मुरडलं, पण रात्री जेवताना त्याला तो मुद्दा आठवत राहिला.

या भांडणाला सिस्टरचा आशीर्वाद होता. सिस्टर म्हणजे त्या खोलीची मालकीणच. डॉक्टर सकाळी येऊन जायचे, पण कोण कुठे बसणार, कोणाला किती बर्फ चघळायला मिळणार हे ती ठरवायची. बाईंचं ब्लडप्रेशर शेवटच्या तासाला घसरायचं. ओठ पांढरे पडत, मशीन केकाटायला लागे. एकदा वाद ऐन रंगात असताना तो तास उलटून गेला आणि प्रेशर जागचं हललं नाही. सिस्टरच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. तिने बाईंची खुर्ची कायमची ड्रायव्हरच्या शेजारी लावली आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, डॉक्टरांपुढे बोलू नका, हसतील मला. पण शेवटच्या तासाला बाई गप्प झाल्या की तुम्ही राष्ट्राध्यक्ष काढायचा."

ड्रायव्हरने ही ड्यूटी मनापासून उचलली. बाई गप्प झाल्या की तो घसा खाकरायचा आणि म्हणायचा की दक्षिणेकडे तर त्याची अनामत रक्कमही वाचणार नाही. बाई एक डोळा उघडत. मग दुसरा. मग म्हणत की बस एका शहरात फिरवली म्हणून देश कळत नाही. की सुरू.

अशी चांगली गाडी चाललेली असताना, निवडणुकीला महिनाभर उरला तेव्हा, बाईंच्या भाचीने ड्रायव्हरला वजनकाट्याजवळ गाठलं. भाची चष्म्याच्या दुकानात कामाला होती, मितभाषी, नीटनेटकी. तिच्या हातात मावशीची पिशवी होती आणि ती पिशवीचा बंद उगाच गुंडाळत होती.

"मावशी थांबायचं म्हणतेय," ती म्हणाली.

"कुठे?" ड्रायव्हरने विचारलं. जन्मभराची सवय.

"इथे यायचं थांबवायचं म्हणतेय. पुरे झालं म्हणते."

थांबवलं की काय होतं हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भाची सांगत राहिली: डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले निर्णय त्यांचा आहे, शांतपणे विचार करा, आम्ही त्रास होऊ देणार नाही. तिनेही मावशीला म्हटलं होतं, तू म्हणशील तसं. तिला दुसरं काय म्हणावं ते कळलंच नव्हतं. मग तिने ड्रायव्हरला आपला फोन नंबर दिला, तुमचं ती ऐकते असं काहीतरी पुटपुटली आणि तोंड फिरवून जिन्याकडे गेली; तिथे कठड्याला धरून रडताना ती त्याला दिसली.

बाई आपलं कधी ऐकतात हे ड्रायव्हरला काही आठवेना. त्या दिवशी त्याचा जीव कशात लागला नाही. सुनेने वाढलेलं अळणी जेवण तो तक्रार न करता जेवला, तेव्हा सुनेला काळजी वाटली. बाईंना काय द्यावं याचा तो विचार करत होता. मूत्रपिंड द्यावं तर त्याच्याकडे स्वतःचंच धड नव्हतं. पाणी द्यावं तर तेच त्यांना मना. बाईंना तहान फार लागायची. बर्फाचा खडा तोंडात धरून त्या डोळे मिटायच्या तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. मग त्याच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत आपण बाईंना एकदाही म्हटलं नाही की तुमचं खरं. हे तर आपल्या हातात आहे. बिचारीला तेवढं तरी सुख मिळू दे, असं त्याच्या मनात आलं. बिचारी हा शब्द त्याच्या मनात आला, आणि आपण काय करतोय हे तरीही त्याला उमगलं नाही. स्वतःच्या घरात रोज 'हो बाबा' ऐकून जो माणूस जीव मुठीत धरून बसला होता, त्यालाच हे सुचावं, याला काय म्हणावं?

पुढच्या खेपेला शेवटच्या तासाला बाई गप्प झाल्या. ड्रायव्हरने घसा खाकरला.

"बाई," तो मऊ आवाजात म्हणाला, "मी खूप विचार केला. तुमचंच खरं आहे. राष्ट्राध्यक्ष परत येणार."

बाईंनी दोन्ही डोळे एकदम उघडले. त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली.

त्या दिवशी प्रेशर नुसतं घसरलं नाही, कोसळलं. मशीनचा लाल दिवा लागला, सिस्टर धावत आली, तिने खुर्ची सपाट करून बाईंचे पाय वर घेतले, सलाइन सोडलं, त्यांच्या गालांवर हलकेच थापट्या मारल्या. ड्रायव्हरला हात हलवता येत नव्हता. तो नुसता बघत राहिला. बाईंच्या चेहऱ्यावर रंग परतल्यावर सिस्टरने त्याला विचारलं की काय बोललात तुम्ही. काही नाही, त्यांचं खरं म्हटलं, तो म्हणाला. सिस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की चुकीच्या रस्त्यावर बस घातल्यावरही त्याच्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं.

बाई बऱ्याच वेळाने बोलल्या, छताकडे बघत.

"भाचीने सांगितलं ना तुम्हाला?"

ड्रायव्हरने मान डोलावली.

"भाची माझं खरं करते. डॉक्टर माझं खरं करतात. थांबते म्हटलं तरी हो, नाही थांबत म्हटलं तरी हो. एक माणूस होता मला खोटं पाडणारा. म्हटलं, निदान याला तरी मी अजून जिवंत वाटते."

सिस्टरने बाईंच्या सुया काढल्या, भाची त्यांना धरून घेऊन गेली. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला बाई आल्याच नाहीत. सिस्टरने त्यांची खुर्ची दुपारपर्यंत कोणाला दिली नाही. ड्रायव्हर अख्खा वेळ त्या रिकाम्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेल्या ब्लँकेटकडे बघत पडून राहिला, आणि त्याला स्वतःचीच भयंकर चीड आली. घरी जाऊन त्याने भाचीला फोन केला. ती म्हणाली, मावशी नाही म्हणाली, मी जबरदस्ती कशी करू? आणि तिने पत्ता सांगितला.

सकाळी ड्रायव्हरने सुनेला सांगितलं की मी जरा एकटाच बाहेर जाऊन येतो. "हो बाबा," सून म्हणाली. त्या 'हो'चा पहिल्यांदाच काही उपयोग झाला. तो बसने गेला. बस चालवणारा पोरगा प्रत्येक थांब्यावर करकचून ब्रेक मारत होता, एरवी ड्रायव्हरने त्याला चार शब्द सुनावले असते, पण आज त्याने सगळे शब्द राखून ठेवले होते.

भाचीचं घर वरच्या मजल्यावर होतं. जिना चढेपर्यंत त्याला धाप लागली. भाचीने दार उघडलं आणि काही न विचारता आत घेतलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या, पाठीशी उशा रचलेल्या, पाय स्टुलावर. पाय सुजून गुळगुळीत झाले होते. त्याला पाहून त्यांनी शाल सावरली.

"राष्ट्राध्यक्षाचं बोलायला आलात?"

"नाही," तो समोरच्या खुर्चीत टेकत म्हणाला. "तुम्ही चुकताय हे सांगायला आलोय."

बाईंच्या भुवया वर गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली भाची दचकली. त्या घरात असलं वाक्य बरेच दिवसांत कोणी उच्चारलं नव्हतं.

मग दोघांची जुंपली. बाई म्हणाल्या हात माझा आहे, सुया मला टोचतात. तो म्हणाला मलाही टोचतात, त्यात काय मोठं सांगताय. बाई म्हणाल्या तुम्हाला मुलगा आहे, सून आहे. तो म्हणाला तुम्हाला भाची आहे. बाई म्हणाल्या तिचं काय, ती मोकळी होईल, तिलाही तिचं आयुष्य आहे.

"कशावरून?" ड्रायव्हर म्हणाला.

"काय कशावरून?"

"ती मोकळी होईल हे कशावरून? तिला विचारलंत? ती तिकडे जिन्यात जाऊन रडते. मी पाहिलंय."

बाईंनी भाचीकडे पाहिलं. भाचीने मान खाली घातली. मग बाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"मला कंटाळा आलाय हो. सारखी तहान लागते आणि पाणी पिता येत नाही. त्या खुर्चीचा कंटाळा आलाय, त्या थंडीचा आलाय. याला काय उत्तर आहे तुमच्याकडे?"

ड्रायव्हरलाही तहान लागत होती, आत्ताही लागली होती. खोटं बोलून एकदा हात पोळून घेतले होते. पुन्हा बोलायची त्याची इच्छा नव्हती.

"काही नाही," तो म्हणाला. "ते तुमचं खरं आहे, आणि या वेळी मी दयेने म्हणत नाही. निर्णयही तुमचाच आहे, तोही कोणी काढून घेऊ नये. पण मला तुम्ही हव्या आहात, बाई. तुम्ही नसलात तर दिवसभर मला सगळे हो म्हणत राहतील आणि मी आतून संपून जाईन. आता हा काही मुद्दा नव्हे, मला कळतं. काउंटरवर असतात तर पोस्टाचं तिकीट लावलेलं नाही म्हणून परत केला असतात."

"मुद्दा नव्हेच हा," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नसेना. पण आहे तो आहे."

"नाही."

"आहे."

बाईंनी शालीच्या टोकाने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि भाचीला म्हणाल्या की सिस्टरला फोन करून विचार, आज एखादी खुर्ची रिकामी आहे का. मग ड्रायव्हरकडे बोट रोखून त्यांनी बजावलं, "निवडणुकीपर्यंत येईन. पुढचं मी काही कबूल केलेलं नाही."

ते तीन-चार आठवडे खोलीत असा वाद रंगला की पलीकडच्या खुर्च्यांतली माणसंही पक्ष घेऊन बोलायला लागली. ड्रायव्हरने दयामाया दाखवली नाही. बाईंनीही नाही. प्रेशर जागेवर राहिलं. पण जसजसा मतदानाचा दिवस जवळ येत गेला तसतसा ड्रायव्हर कॅलेंडरकडे बघायचं टाळायला लागला. सगळा देश निकालाकडे डोळे लावून बसला होता, आणि हा एकटाच माणूस असा होता की ज्याला वाटत होतं, काहीतरी घोळ व्हावा, मतमोजणी लांबावी, कोर्टकचेऱ्या व्हाव्यात, पण निकाल म्हणून लागू नये.

निकाल लागला, आणि चांगला ठळक लागला. राष्ट्राध्यक्ष परत आला. दक्षिणेकडेसुद्धा आला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर लवकरच येऊन खुर्चीत पडला. आपण हरलो याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. दाराकडे त्याचे डोळे लागले होते. बाई आल्या तेव्हा त्याने श्वास सोडला, पण लगेच वाटलं, निरोप घ्यायला आल्या असतील तर? निवडणुकीपर्यंत म्हणाल्या होत्या, आणि निवडणूक तर झाली. बाई वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, आकडा बघून तोंड वाकडं केलं, येऊन खुर्चीत बसल्या. चष्मा पुसला. टीव्हीत राष्ट्राध्यक्ष हात हलवत होता.

"जिंकलात, बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"जिंकले," बाई म्हणाल्या. त्यांनी टीव्हीकडे नीट पाहून घेतलं, या वेळी चष्मा न काढता. मग हात सिस्टरपुढे धरला आणि अगदी सहज म्हणाल्या, "आला खरा. पण मुदत काही पुरी करत नाही हा. मध्येच जाणार बघा."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षांची होती. बाई सुईकडे बघत होत्या, चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती. मग त्याने घसा खाकरला, कारण आता राष्ट्राध्यक्षाची बाजू घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

"पुरी करणार," तो म्हणाला. "पाचच्या पाच वर्षं पुरी करणार. तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

"बघू या," बाई म्हणाल्या. "मी कुठे जातेय."

सिस्टरने बाईंचा हात सरळ केला आणि सुई टोचली.